वावर बळकावलं, दाबलं, हडपलं की लुबाडलं? अर्जात कोणतं क्रियापद लिहावं

प्रश्न असा आला आहे. शेजाऱ्यानं औंदाच्या उन्हाळवाहीत, म्हणजे उन्हाळ्यातल्या नांगरणीत, दोन वावरांमधला धुरा (बांध) मोडला आणि आपल्या बाजूच्या अर्ध्या एकरात स्वतःची तूर पेरली. वडील म्हणतात, "त्यानं आपलं वावर दाबलं." पोरानं अर्ज लिहिला, ‘आमची जमीन हडप करून लुबाडणूक केली आहे.’ कचेरीतल्या बाबूनं तो परत दिला आणि सांगितलं, नेमकं काय झालं ते लिहून आणा. पोरानं शब्दकोश उघडला तर बळकावणे म्हणजे जबरीनं घेणे, एवढंच सापडलं. म्हणून तो विचारतो, "काका, बळकावणे म्हणजे नक्की काय? आणि हडपणे, लुबाडणे, हिसकावणे, दाबणे हे सगळं एकच आहे का?"

एकच नाही, बापू. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कचेरीच्या आवारात मी 34 वर्षं अर्जनवीस म्हणून बसतो. माझ्यापुढं बसणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी गेलं म्हणूनच आलेला असतो. काय गेलं ते तो लगेच सांगतो. कसं गेलं, हे मात्र त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं, आणि अर्जातलं क्रियापद नेमकं तेच सांगत असतं. क्रियापद चुकलं की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि महिने निघून जातात.

आधी तुझं बळकावणे घेऊ. या शब्दात बळ आहे हे उघड आहे, पण नुसत्या बळानं बळकावणं होत नाही. मालकाची मर्जी नसताना घेतलं, हा एक भाग झाला. घेणारा तिथं ठाण मांडून राहिला, हा दुसरा. म्हणून बळकावली जाते ती गोष्ट बसण्याजोगी असते. वावर, घर, गोठा, गावठाणातली मोकळी जागा, बाजारातला गाळा, आणि त्याच ओघात खुर्ची, पद, सत्ता. कुणी हातातली पिशवी ओढून पळालं तर पिशवी हिसकावली म्हणतात, बळकावली कुणी म्हणत नाही. ‘पैसे बळकावले’ हेही कानाला खटकतं, कारण पैशावर कुणी वखर फिरवत नाही. बोलताना आपण सहज ‘बळकावून बसला’ म्हणतो, त्यातलं ‘बसला’ हे वाढीव नाही. शब्दाचा अर्धा अर्थ त्यातच आहे.

आता जरा व्याकरण. शाळेत कर्म विचारत, ते इथं कामी येतं. बळकावणे, हडपणे, लाटणे यांचं कर्म वस्तू असते. ‘माझी जमीन बळकावली’ बरोबर, ‘मला बळकावलं’ चूक. नागवणे याचं कर्म माणूस असतो. ‘त्याला नागवलं’ बरोबर, ‘त्याची जमीन नागवली’ असं कुणी बोलत नाही. लुबाडणे आणि लुटणे दोन्हीकडं चालतात, ‘म्हातारीला लुबाडलं’ आणि ‘म्हातारीची जमीन लुबाडली’. वंचित करणे याला माणूसही लागतो आणि वस्तूला ‘पासून’ही लागतं, ‘तिला जमिनीपासून वंचित केलं’. अर्जात मालमत्ता परत मागायची असेल तर वस्तूला कर्म करणारं क्रियापद धरावं, म्हणजे त्याच वाक्यात गट नंबर, क्षेत्र आणि दिशा बसते. माणसाला कर्म केलं की वाक्य त्याच्या हालाकडं वळतं. हाल खरे असतात, पण साहेबाला आदेश काढायचा असतो तो गट नंबरावर.

नागवणे हा शब्द मला फार मोठा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. यात माणूस उघडा पडतो, अंगावर काही उरत नाही. कसं केलं, किती दिवसांत केलं, कुणी केलं, यातलं काहीच हा शब्द सांगत नाही. सांगतो तो शेवट. आमच्याकडं म्हणतात, "दोन सालं नापिकी, मंग सावकार, मंग पोरीचं लगन, पुरता नागवला गडी." यात एक चोर नाही, एक तारीख नाही. ग्रामसभेत बोलायला, मोर्चात सांगायला याच्यासारखा शब्द नाही. अर्जात मात्र मी तो लिहीत नाही, कारण ‘नागवलं’ वाचून समोरच्यानं कुठलं कलम पाहायचं?

हडपणे आणि लुबाडणे या दोघांत लोक फार गल्लत करतात. हडपणं हे गिळण्यासारखं. ज्याच्या हाताशी वस्तू होती, किंवा ज्याच्या भरवशावर ती ठेवली होती, त्यानं ती गुपचूप स्वतःची केली. भाऊ कामासाठी पुण्याला गेला, घरचे कागद थोरल्याकडं होते, त्यानं सगळं आपल्या नावावर चढवलं, हे हडपणं. बचत गटाचा पैसा ठेवणाऱ्यानंच खाल्ला, हेही हडपणं. कायद्याच्या मराठीत याच्या जवळचा शब्द अपहार आहे, आणि विश्वासानं सोपवलेल्या वस्तूबद्दल असेल तर फौजदारीपात्र न्यासभंग. लुबाडण्यात फसवणूक लागते. मालकानं स्वतःच्या हातानं दिलं, सही केली, अंगठा दिला, पण त्याला जे सांगितलं ते खोटं होतं. तुझ्या धुऱ्याच्या भांडणात शेजाऱ्याकडं काही सोपवलेलं नव्हतं, आणि तुझ्या वडिलांनी कुठं सहीही केली नाही. मग तुझ्या अर्जातलं हडपही गेलं आणि लुबाडणूकही गेली. बाबूनं अर्ज परत दिला तो याच कारणानं, त्याचा राग धरू नको.

आमच्या भागात लुबाडण्याचा सगळ्यात मोठा प्रकार खरेदीखताचा आहे. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसा लागतो, बँकेचं जुनं कर्ज थकलेलं असतं, मग गावातला नाहीतर तालुक्याचा माणूस पैसे देतो आणि तारण म्हणून वावराचं खरेदीखत करून घेतो. तोंडी बोली असते, पैसे फेडले की वावर परत फिरवून देईन. कागदावर मात्र लिहिलेलं असतं, ‘जमीन कायम विकली, रक्कम मिळाली, ताबा दिला.’ पाच-सहा वर्षांनी शेतकरी माझ्याकडं येतो आणि म्हणतो, "माहं वावर बळकावलं." मी हा शब्द खोडतो. तुझी सही आहे तिथं बळकावलं लिहिलं की समोरचा वकील खरेदीखत पुढं करणार, आणि अर्ज पहिल्याच वाक्यात खोटा दिसणार. मी लिहितो, ‘सदर खरेदीखत हे कर्जाच्या तारणापोटी करून घेतले असून प्रत्यक्षात विक्रीचा व्यवहार झालेला नाही.’ महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 याचं कलम 18 अशाच गोष्टीसाठी आहे. अर्ज आल्याच्या तारखेपासून मागच्या 15 वर्षांत विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा दुसऱ्या कुठल्या नावानं सावकाराकडं गेलेली स्थावर मालमत्ता जर खरं तर कर्जाचं तारण असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतो आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. तिथं शब्दाला पुरावा लागतो. त्या वर्षी बाजारभाव काय होता आणि दस्तात किंमत काय लिहिली, दस्त झाल्यावरही वावर कोण वाहत होतं, व्याज दिल्याची चिठ्ठी किंवा खात्यावरची नोंद आहे का. हे सगळं ‘तारणापोटी’ या एका शब्दाला टेकू देतं.

याहून अवघड प्रकार म्हणजे कर्ताच नसलेलं वाक्य. काही वर्षांपूर्वी पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, एक म्हातारा नातवाला घेऊन आला. म्हणाला, "वावर गेलं." मी विचारलं, कोणं नेलं? "गेलं." विकलं का? "नाही, गेलं." हे गेलं मी आयुष्यभर ऐकलं आहे. वावर गेलं, बैल गेले, घर गेलं, जणू पावसात वाहून गेलं. मराठीत जाणे अकर्मक आहे, त्यात नेणारा माणूस दिसत नाही, आणि ज्याला नेणाऱ्याचं नाव घ्यायची भीती वाटते त्याच्या तोंडी हाच शब्द येतो. त्या दिवशी दोन तास लागले. शेवटी कळलं ते असं. त्याच्या बापानं किराण्याच्या उधारीत कागदावर अंगठा दिला, तो कागद कसला हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि पुढच्या मोसमात दुकानदाराचा वखर वावरात आला. साल विचारलं तर म्हणाला, मोठा दुष्काळ पडला त्या साली. म्हणजे 1972.

हे साल कळणं फार महत्त्वाचं होतं. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा 1974 चा कायदा आहे. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडं गेलेल्या जमिनींना तो लागू होतो. त्यानंतरच्या व्यवहारांना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36 आणि 36-अ लागतं, म्हणजे परवानगीशिवाय अशी जमीन बिगर आदिवासीला देताच येत नाही. अशी जमीन परत देण्याला कचेरीत प्रत्यार्पण म्हणतात. म्हाताऱ्याला तो शब्द उच्चारता येत नव्हता. मी अर्जात लिहिलं, ‘अर्जदाराच्या वडिलांकडून बिगर आदिवासी व्यक्तीने सन 1972 च्या सुमारास हस्तांतरित करून घेतलेली जमीन.’ इथं मी मुद्दाम हस्तांतरित लिहिलं, लुबाडली लिहिलं नाही. फसवणूक सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर टाकायचं कारण नव्हतं. देणारा आदिवासी, घेणारा बिगर आदिवासी आणि व्यवहार त्या काळातला, एवढ्यावरच कायद्याचं दार उघडतं. कधी कधी सौम्य शब्द जास्त काम करतो, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं.

बायांच्या बाबतीत आणखी एक क्रियापद लागतं, डावलणे. नवरा वारला, वारस नोंदीत दिरानं स्वतःचं आणि स्वतःच्या पोरांचं नाव दिलं, हिचं राहिलं. ती म्हणते, "दिरानं वावर दाबलं." पण दाबायला वावर तिच्या ताब्यात तरी कुठं होतं? तिथं ‘वारस नोंदीत माझे नाव डावलले’ असं लिहायचं, फेरफार क्रमांक लिहायचा, आणि त्या नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडं 60 दिवसांत अपील करायचं. पोरींचंही तसंच. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाइतकाच आहे, तरी गावात हक्कसोडपत्रावर सही घ्यायला भाऊ साडी घेऊन येतो. सही न वाचता दिली असेल तर ते डावलणं राहत नाही, मग लुबाडणूकच लिहावी लागते. आणि ती कशी झाली, काय सांगून सही घेतली, हे दोन-तीन ओळींत सांगावं लागतं.

चोरी हा शब्द लोक जमिनीला लावतात तेव्हा मी थांबवतो. कायद्यानं चोरी ही फक्त जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, वस्तूची होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम 303 मध्येही तेच आहे. जमीन चोरीला जात नाही. पण जमिनीला चिकटलेली वस्तू तिच्यापासून सुटी केली की ती जंगम होते. म्हणजे तुझ्या वावरातली उभी तूर कुणी रातोरात सोंगून (कापून) नेली तर ती चोरी आहे, झाड तोडून नेलं तर चोरी आहे. सोंगताना तू आडवा आलास आणि त्यानं विळा उगारला, तर जबरी चोरी. पाच किंवा जास्त जण मिळून असं करतील तर दरोडा. पाचाचा आकडा लक्षात ठेव. चार जणांनी केलेल्या कामाला अर्जात दरोडा लिहिणारे खूप आहेत, आणि तेवढ्या एका शब्दानं पुढच्या खऱ्या गोष्टीवरचाही भरवसा उडतो.

बाकीचे शब्द पटकन सांगतो. लाटणे म्हणजे जे आपल्या हक्काचं नाही ते हुशारीनं पदरात पाडून घेणं, अनुदान, घरकुल, पीकविमा. उकळणे पैशाचं, भीती घालून किंवा अडवून. लांबवणे आणि पळवणे हातावेगळ्या वस्तूचं, बैल, मोटार, मंगळसूत्र. ढापणं किरकोळीचं. ओढून नेणं हे हप्ते थकलेल्या ट्रॅक्टरचं, आणि तिथं अर्जात ‘नोटीस न देता नेला’ हे शब्द असल्याशिवाय नुसतं ओढून नेला लिहून उपयोग नाही. बुडवणे मात्र नीट समजून घे, कारण कापसाच्या गावात रोज लागतं. व्यापारी दारात काटा लावून कापूस नेतो, पैसे पुढच्या बाजाराला देतो म्हणतो, आणि देत नाही. कापूस तू स्वतः दिला, म्हणून त्यानं लुटला नाही, पैसे बुडवले. वजनातच गडबड केली असेल तर काटा मारला. दोन्हींचा पुरावा वेगळा असतो, एकाला चिठ्ठी लागते, दुसऱ्याला दुसऱ्या काट्यावरचं वजन लागतं.

आता सरकारचे शब्द. जप्त करणे हे कायद्यानं घेणं आहे, म्हणून ‘बेकायदा जप्ती’ लिहायचं असेल तर त्यातलं बेकायदा काय ते दाखवावं लागतं. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या जप्तीला सीमा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणं अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्माच्या रीतीनं बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, शेतकऱ्याची औतं, गरजेची जनावरं आणि बियाणं, त्याचं राहतं घर, यावर जप्ती येत नाही. बाईच्या गळ्यातल्या पोतीकडं बोट दाखवून "हे पण जप्त होईल" असं कुणी धमकावलं तर घाबरू नये, आणि तसं बोलणं तारखेनिशी लिहून ठेवावं.

जमीन प्रकल्पात गेली की कागदावर संपादन येतं. 1894 चा जुना कायदा जाऊन 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून आला, तरी गावात लोक ‘गेलं’ असंच म्हणतात, बेंबळ्याच्या धरणात गेलं, गोसीखुर्दच्या धरणात गेलं. समृद्धी महामार्गाला बऱ्याच जणांनी थेट खरेदीनं जमीन दिली, म्हणजे त्यांच्या कागदावर विक्री आहे. असा माणूस ‘माझी जमीन संपादित झाली’ लिहून वाढीव मोबदला मागायला आला तर आधी मी खरेदीखत मागतो. राज्यघटनेत या सगळ्यासाठी अनुच्छेद 300-क आहे, 44 व्या दुरुस्तीनं आलेला. कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. वंचित हा शब्द ज्या धातूवरून आला तो वञ्च्, त्याचा जुना अर्थ फसवणं, वंचना त्यातलीच. आज वंचित म्हणताना फसवणूक मनात येत नाही, न मिळणं एवढंच येतं. म्हणून सरकारी कागदाविरुद्ध लिहिताना मला हा शब्द चालतो, त्यात आरोप कमी आणि हक्क जास्त आहे.

आता तुझ्या धुऱ्याकडं येतो. तुझ्या बापाचा दाबणे हा शब्द उत्तम आहे. त्यात थोडं थोडं सरकणं आहे, दरसाल वखरपाळीच्या वेळी दोन तास, म्हणजे दोन ओळी, आत घ्यायचे, धुरा कोरत आणायचा. कचेरीचा शब्द त्याला अतिक्रमण. अति आणि क्रम, म्हणजे पाऊल हद्दीपलीकडं टाकणं. पण तुझ्याकडं थोडं थोडं झालेलं नाही, एका उन्हाळ्यात अख्खा धुरा मोडून अर्धा एकर पेरला आणि तो तिथंच आहे. मर्जी नाही, कागद नाही, सही नाही, आणि घेणारा बसलेला आहे. हेच बळकावणं. तरी अर्जात पहिल्या वाक्यात ते लिहू नको, आधी घडलं ते सांग आणि मग शब्द वापर.

आणि ‘कित्येक वर्षांपासून बळकावून बसला आहे’ असं रागाच्या भरात कधीच लिहू नको. लोकांना वाटतं, वर्षं वाढवली की अन्याय मोठा दिसतो. उलटं होतं. बेकायदा ताबा काढून घेतला असेल तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, 1963 याच्या कलम 6 खाली दिवाणी कोर्टात ताबा परत मागता येतो. तिथं मालकी कुणाची हे पाहत नाहीत, ताबा तुझा होता आणि कायद्याची वाट सोडून काढला एवढंच पाहतात. पण तो दावा ताबा गेल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो. ते महिने हुकले तर मालकी हक्कावर दावा करता येतो, मात्र समोरचा 12 वर्षं उघडपणे मालकासारखा बसून राहिला की प्रतिकूल कब्जा, म्हणजे लांबलेल्या ताब्यावरून आपलीच मालकी, सांगायला लागतो. म्हणजे ‘वीस वर्षांपासून’ हे दोन शब्द लिहून तू त्याचाच दावा लिहून देशील.

अर्ज असा लिही. ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक ही जमीन माझ्या वडिलांच्या मालकीची व वहिवाटीची आहे. लगतच्या गटाच्या खातेदाराने अमुक तारखेस आमच्या संमतीशिवाय पश्चिमेकडील सामाईक धुरा मोडून आमच्या गटातील अंदाजे 20 आर (अर्धा एकर) क्षेत्रात तुरीची पेरणी केली व आम्हास तेथे वहिवाट करण्यास मज्जाव केला. अशा रीतीने त्याने सदर क्षेत्र बळकावले आहे.’ सोबत चालू सातबारा, गाव नकाशा, मोजणी झाली असेल तर तिची क प्रत (मोजणीचा नकाशा), आणि आजूबाजूच्या वावरांच्या दोन शेतकऱ्यांचे जबाब जोड. मोजणी झाली नसेल तर आजच अर्ज टाक. पश्चिम मी अंदाजानं लिहिली आहे, दिशा तुझी तू घाल.

तारीख मात्र अंदाजानं घालू नको. बाप सांगेल, उन्हाळवाही संपली तेव्हा. त्याला विचार, रोहिणी लागल्या होत्या का, मृगाचा पहिला पाऊस धुरा मोडायच्या आधी पडला की नंतर, त्या दिवशी बाजार होता का. गावातल्या माणसाची तारीख अशीच सापडते. मग तिथून सहा महिने मोज, आणि तूर सोंगायला येण्याआधी वकिलाकडं जा.